मंडळीच्या शताब्दीची स्मरणिका : साहेबांच्या फोटोंपलीकडच्या माणसांच्या आठवणी कशा गोळा करायच्या?

पाळक_गोदाकाठ

जय ख्रिस्त सगळ्यांना.

मी नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीचा पाळक आहे, मूळची अमेरिकन मराठी मिशनची मंडळी, १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेव्हापासून सीएनआयमध्ये. पुढच्या वर्षी आमच्या दगडी चर्चला शंभर वर्षं होतायत आणि कमिटीनं स्मरणिका काढायचं ठरवलंय. कमिटीनं केलेला आराखडा असा की आधी बिशपसाहेबांचा शुभसंदेश, मग मिशनरी साहेब आणि मडमांचे फोटो, मग आजवरच्या पाळकांची यादी, मग देणगीदार, मग जाहिराती. सगळीकडं असंच असतं त्यामुळं त्यांचं काही चुकलंय असं नाही, पण माझं मन त्यात लागत नाही, आणि म्हणून इथं विचारतोय.

कारण सांगतो. पाळकाला मयतीच्या आदल्या रात्री घरच्यांजवळ बसावं लागतं, दुसऱ्या दिवशी कबरेपाशी चार शब्द बोलायचे असतात म्हणून आपण विचारतो की बाबा कुठं कामाला होते, आजीचं माहेर कुठलं, आणि त्या एका रात्रीत जे कळतं ते आमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. गेल्या पावसाळ्यात आमच्यातली बरीच जुनी माणसं एकामागोमाग गेली. त्यातल्या एका आजींची आई मिशनची बायबल स्त्री होती. आजींच्या सुनेनं सांगितलं की ती माउली हातात कंदील आणि खांद्याला कापडी पिशवी घेऊन वाड्यावस्त्यांवर पायी जायची, पिशवीत लूकच्या शुभवर्तमानाच्या बारक्या पुस्तिका आणि डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली, आणि गावातल्या मोठ्या वाड्यांमध्ये तिला पुढच्या दारानं कधी घेतलं नाही पण मागच्या दारानं बायकाच बोलवायच्या, कारण औषध पाहिजे असायचं आणि वाचून दाखवणारं बाईमाणूस दुसरं कुणी नव्हतं. आता हे वाचून सांगा, ही बाई आमच्या मंडळीच्या पायात आहे की नाही? तर आमच्या पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेत तिचं नाव नाही, "बायबल स्त्रियांनीही मोलाचे कार्य केले" एवढंच एक वाक्य आहे.

मिशनरींचे उपकार मी विसरत नाही, कुणी विसरू पण नये. गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरले आणि १८२६ ला नाशिककडं दौऱ्यावर असताना पटकीनं गेले, परत मायदेश पाहिलाच नाही. सिंथिया फॅरार बाई १८२७ ला आल्या, पुढं नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीराव फुल्यांनी नगरची ती शाळा पाहिली आणि १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा काढली हे सगळ्यांना माहिती आहे. ही माणसं मोठीच. पण साहेब तंबू टाकून महिनाभर राहायचा आणि पुढच्या गावाला जायचा, मागं कोण राहायचं? गावातला मास्तर, त्याची बायको, बायबल स्त्री, नाहीतर कीर्तनकार. साहेबांनी बी टाकलं असेल, पण पाणी घातलं ते ह्यांनी. मला ह्या लोकांचं पुस्तक करायचंय.

आता अडचण. जुनी माणसं थोडी उरलीत आणि जी आहेत ती "मला काय माहिती, तुम्ही शिकलेले, तुम्हीच लिहा" म्हणतात. बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर आहे, कडा वाळवीनं खाल्ल्यात, त्यात किती छापावं आणि किती नाही ते कळत नाही. आणि आमच्या मंडळीत मधल्या काळात मोठी भांडणं झाली, कोर्टापर्यंत गेली, अर्धी माणसं वेगळी झाली, त्याचं काय करायचं? यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेतून बारा धोंडे उचलून ठेवायला सांगितलं ते ह्यासाठीच की पुढं मुलांनी विचारावं हे धोंडे कशाचे. आमची मुलं विचारतायत हो, सांगणारेच कमी होत चाललेत. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

शब्बाथशाळेच्या_बाई

पाळकसाहेब, सलाम. तुमची पोस्ट दोनदा वाचली, माझ्या आईची आठवण आली. मी बरीच वर्षं शब्बाथ शाळा घेतली, आता रिटायर आहे, आणि आमच्या महिला संघानं अशा आठवणी गोळा केल्यात म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे म्हाताऱ्या माणसाला "इतिहास सांगा" असं कधीच म्हणायचं नाही, इतिहास म्हटलं की ते गप्प होतात, त्यांना वाटतं सनावळ्या विचारणार. त्यापेक्षा विचारायचं की तुमच्या लग्नात नवरी चर्चमध्ये कुठून कुठवर चालत आली, पेटी कोण वाजवायचं, नाताळात पोरांना काय मिळायचं, चर्चमध्ये बायका कुठल्या बाजूला बसायच्या, घंटा कोण वाजवायचं आणि मयतीची घंटा वेगळी कशी वाजायची. असं विचारलं की आपोआप येतं सगळं. आमच्याकडं एका मावशींनी घंटा वाजवणाऱ्या बाबाचं वर्णन करता करता बहात्तरच्या दुष्काळावर गेल्या, शाळेत सुकडी मिळायची ती फडक्यात बांधून घरी धाकट्या भावाला कशी न्यायच्या, मास्तर बघून न बघितल्यासारखं कसे करायचे, आणि आम्ही सगळ्या रडत होतो.

दुसरी गोष्ट, हात रिकामे ठेवून बसवू नका. एका आज्जीला आम्ही खुर्चीत बसवून समोर मोबाईल धरला तर त्या हूं की चूं करेनात. मग आमच्यातली एक हुशार सून, तिनं त्यांच्या घरातलंच जुनं जातं कोपऱ्यातून पुढं ओढलं, पुसलं, मूठभर ज्वारी टाकली आणि म्हणाली आत्या मला दळून दाखवा. आज्जी बसल्या, एक पाय पसरला, खुंटा धरला आणि दुसऱ्या फेऱ्याला ओवी सुरू! येशूच्या जन्माची ओवी, मरीयेच्या डोहाळ्यांची ओवी, मिशनच्या दवाखान्याची, आणि एक तर त्यांच्या सासूनं जोडलेली होती, मळ्यातल्या बाप्तिस्म्याची, कोण कोण पाण्यात उतरलं त्या सगळ्या बायांची नावं त्यात. कुठल्या कागदावर नसलेली नावं जात्यावर सापडली! त्यामुळं तुमच्याकडं जातं असेल तर आधी ते काढा आणि मग रेकॉर्डिंग.

आणि एकट्यानं नका जाऊ. पाळक आले की माणसं चांगलं चांगलंच बोलतात, प्रार्थनेच्या भाषेत बोलतात. नातीला पाठवा, नाहीतर तरुण संघातल्या मुलीला. तिच्याशी ती खरं बोलतील.

---

कागद_जुने

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, पण १९व्या शतकातल्या मिशनच्या कागदपत्रांवर काम करतो म्हणून थोडी उपयोगाची माहिती देतो.

तुमच्या मंडळीचा बराच कागद तुमच्या गावात नसणार, तो बाहेर आहे. अमेरिकन मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचं (मिशनरी पाठवणारी तिकडची संस्था) होतं त्या बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. कोल्हापूर-मिरजेकडच्या प्रेसबिटेरियन मिशनचे फिलाडेल्फियाला प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत, स्कॉटिश मिशनचे एडिंबरोला राष्ट्रीय ग्रंथालयात, नाशिकच्या सीएमएसचे (चर्च मिशनरी सोसायटी) बर्मिंगहॅम विद्यापीठात. तिकडं जायची गरज नाही, बोर्डाचं मासिक आणि बरेच वार्षिक अहवाल स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. फक्त शोधताना गावाचं आजचं स्पेलिंग टाकू नका, साहेब लोक कानाला जसं ऐकू आलं तसं लिहायचे, तेव्हा दोनचार प्रकारे टाकून बघा. आणि "ज्ञानोदय" विसरू नका, १८४२ ला नगरला सुरू झालेलं, त्यात खेड्यातल्या मंडळ्यांच्या बारीकसारीक बातम्या यायच्या, कोण वारलं, कुठं शाळा उघडली, कुणी किती वर्गणी दिली. मिशनरीच्या पत्रात "आमचा एक नेटिव्ह सहायक" असं असतं, तोच माणूस मराठी कागदात नावानिशी सापडतो. तुमचा जो मुद्दा आहे ना, की ही माणसं बेनाव राहिली, त्याचं एक कारण हेच आहे की अहवाल ज्यांच्यासाठी लिहिला जायचा त्या परदेशातल्या देणगीदाराला साहेबाचं नाव ओळखीचं होतं, मास्तराचं नव्हतं.

काही उदाहरणं देतो. नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे सुरुवातीचे देशी पाळक, कृ. र. सांगळे यांची गीतं तुम्ही अजून उपासनेत म्हणता, ही नावं तरी टिकली. जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री, त्यांचा बाप्तिस्मा १८४३ चा, त्यांचं नाव किती मराठी ख्रिस्ती मुलांना माहिती आहे? आणि नाशिकचं शरणपूर तर कमालच आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं सीएमएसच्या आश्रमात वाढली, शिकली, त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा पुढं आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या शोधात गेलेल्या मंडळींबरोबर आफ्रिकेत पोचला, लिव्हिंग्स्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीला हजर होता. नाशिकमध्ये शिकलेला मुलगा! आज शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात.

रजिस्टरबद्दल. आधी फोटो काढून ठेवा, उन्हात नाही, खिडकीजवळच्या सावलीत, वही पूर्ण उघडून दाबू नका, शिवण तुटते. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही. जुन्या फोटोंच्या मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, पेनाची शाई पुढं उमटते. कडेला मोडीत काही लिहिलेलं असेल तर ते आधी वाचून घ्या, मोडी वाचणारे अजून मिळतात. छापताना मी म्हणेन की शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी बिनधास्त छापा पण अलीकडच्या नकोत, कारण त्या रकान्यांमध्ये अनाथ, टाकलेलं मूल, आधीची जात, असं सगळं असतं आणि त्यांची नातवंडं आज त्याच गावात राहतात. लग्नाच्या रजिस्टरला तर हात लावताना जास्त जपा, ते १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालचं दप्तर आहे, मूळ वही प्रेसवाल्याकडं अजिबात देऊ नका.

---

विदर्भातला_सेवक

प्रिय बंधू, जय ख्रिस्त.

मीही पाळकच आहे, यवतमाळला सेमिनरी (पाळकांना शिक्षण देणारी शाळा) होती त्या काळाबद्दल ऐकत मोठा झालो, ती १९८३ ला पुण्याला गेली आणि इकडच्या जुन्या लोकांना अजून त्याची हळहळ आहे. तुमचा विषय माझ्या अगदी काळजाचा आहे पण एका बाबतीत मी तुम्हाला थांबवू इच्छितो, राग मानू नका.

भांडणं छापू नका. मी अशा एका मंडळीत सेवा केली आहे जिथं जमिनीच्या केसवरून दोन गट पडले, एका गटानं कुलूप लावलं, दुसऱ्यानं तोडलं, नाताळची उपासना अंगणात झाली. ती माणसं अजून जिवंत आहेत, आता पुन्हा एका बाकावर बसायला लागली आहेत, एकमेकांच्या घरी मयतीला जातात. हे सगळं किती नाजूकपणे जुळलंय ते फक्त पाळकाला माहिती असतं. प्रभुभोजनाच्या आधी मी त्या दोन म्हाताऱ्या भावांना एकमेकांचा हात धरताना पाहिलंय. आता स्मरणिकेत लिहायचं की अमुक साली अमुकच्या बाजूनं केस लागली? एक घर म्हणेल खरं लिहिलं, दुसरं घर म्हणेल पाळकानं पक्ष घेतला, आणि तुमची बदली झाल्यावर पुढचा पाळक ते निस्तरत बसेल. एक पिढी जाऊ द्या. कागद कपाटात सांभाळून ठेवा, फाईलवर लिहून ठेवा की कधी उघडायची, पण छापू नका.

बाकी बायबल स्त्रियांचं पान हे पहिलं पान करा असं मी म्हणेन. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुलींना आणि विधवांना सांभाळलं, त्यातल्या कितीतरी पुढं गावोगाव शुभवर्तमान सांगायला गेल्या. रमाबाईंचं नाव जगात गाजलं आणि गाजायलाच पाहिजे, पण त्या मुली कुठकुठल्या मंडळ्यांमध्ये कुणाच्या आज्ज्या होऊन बसल्या हे फक्त त्या त्या गावात कळेल. तुमच्या गावात एखादी असेल बघा, विचारा.

---

वेशीबाहेरची_लेक

विदर्भातल्या पाळकसाहेबांचा मान राखून बोलते, पण मला हे पटत नाही.

कोर्टाच्या केसचं एकवेळ ठीक आहे, ती नका छापू, कुणी जिंकलं कुणी हरलं ह्यात कुणाला काही मिळत नाही. पण "दुखेल ते नको" हा नियम एकदा लावला की पुढं कुठं थांबणार? कारण आमच्या मंडळ्यांची खरी आठवणच दुखणारी आहे. नगरकडच्या बहुतेक ख्रिस्ती घरांचे पणजोबा-खापरपणजोबा महारवाड्यातून नाहीतर मांगवाड्यातून आले, हे सगळ्यांना माहिती आहे आणि एकाही स्मरणिकेत धड लिहिलेलं नसतं, "ग्रामीण भागातील उपेक्षित बांधवांनी" असं काहीतरी लिहून मोकळे होतात. माझी पणजी सांगायची, म्हणजे आईनं मला सांगितलं, की बाप्तिस्मा झाला त्या रविवारी सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतलं आणि तिच्या नवऱ्याचा हात इतका थरथरला की द्राक्षारस सदऱ्यावर सांडला, कारण आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्या जातीच्या माणसानं तोंड लावलेल्या भांड्याला तोंड लावत होता आणि त्याच्या मागून तो माणूसही लावणार होता. तो सदरा तिनं धुतला नाही म्हणे कितीतरी दिवस. हे नाही छापायचं तर काय छापायचं?

आणि दुसरी बाजू पण छापा. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एकमेकांत सोयरीक करायचे नाहीत, पाण्यावरून कुरबुरी व्हायच्या, एकाच चर्चमध्ये बाक वाटलेले असायचे, हे आमच्या घरात बोललं जायचं. सुवार्ता आली म्हणून सगळं एका दिवसात गेलं असं नाही, हळूहळू गेलं, कुणीतरी पहिल्यांदा मुलगी दिली, कुणीतरी पहिल्यांदा लग्नात जेवायला गेलं. ते पहिलं जेवायला गेलेलं माणूस कोण, त्याचं नाव शोधा पाळकसाहेब, मंडळीचा खरा वीर तो.

अजून एक. १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली त्यानंतर आमच्या भावकीत एक घर बौद्ध झालं, एक ख्रिस्ती राहिलं. सख्खे भाऊ. आजोबांना लोक विचारायचे तुम्ही का नाही गेलात, ते म्हणायचे मी वेशीतून आधीच बाहेर पडलोय आणि माझ्या भावाला पण बाहेर पडायचा हक्क आहे. दोघांनी शेवटपर्यंत एका बांधावर बसून भाकरी खाल्ली. तुमच्या गावात अशी घरं नक्की असतील. त्यांच्याकडंही जा, मंडळीच्या बाहेर गेलेल्यांकडं, त्यांच्या आठवणीत पण तुमचं चर्च आहे, तिथल्या शाळेत ती शिकलीत, तिथल्या घंटेवर ती शेतावर जायची.

---

मिरजकर_सिस्टर

वाचतेय सगळं, थोडकं सांगते. नर्सेसना विसरू नका. आमच्याकडं मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ ला सुरू केलेलं हॉस्पिटल, तिथं शिकून गेलेल्या मुली महाराष्ट्रभर पसरल्या. कितीतरी ख्रिस्ती घरांत पहिला नियमित पगार कमावून आणणारी बाई नर्सच होती, तिच्या पगारावर भाऊ शिकले, पुढं भाऊ पाळक झाले, मास्तर झाले आणि स्मरणिकेत भावांचे फोटो आले. रात्रपाळी करून सकाळी उपासनेला पांढऱ्या ड्रेसमध्येच मागच्या बाकावर बसायच्या आम्ही, प्रवचनात डोळा लागायचा, पण जायचोच. मरणाऱ्याजवळ प्रार्थना आम्ही केल्या, पाळक पोचेपर्यंत. तुमच्या मंडळीतल्या रिटायर सिस्टर शोधा, त्यांच्याकडं ड्युटीच्या डायऱ्या असतात, कोण कधी जन्मलं ते रजिस्टरपेक्षा त्यांना पक्कं माहिती.

---

पुण्यातला_पेटीवाला

जय ख्रिस्त पाळकसाहेब. मी तरुण पिढीकडून बोलतो, आयटीत आहे, रविवारी चर्चमध्ये पेटी आणि कीबोर्ड वाजवतो, आजोळ नेवासा तालुक्यातलं.

खरं सांगायचं तर छापील स्मरणिका आमच्या वयाचं कुणी पूर्ण वाचत नाही, आपल्या घरातल्यांचा फोटो शोधतो आणि ठेवून देतो. पण आवाज ऐकतो. तुम्ही ज्या ओव्या, भजनं, जुन्या चाली रेकॉर्ड कराल त्या पुस्तकात क्यूआर कोड देऊन टाका, दुबईत बसलेला नातू पण ऐकेल. चालींचं तर फार तातडीचं आहे असं मला वाटतं. उपासना संगीत ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही, आणि एकाच गीताची चाल आमच्या आजोळी वेगळी, राहुरीकडं वेगळी, मुंबईत अजून वेगळी. ना. वा. टिळकांची पदं आमचे आजोबा टाळ-मृदंगावर अभंगाच्या ठेक्यात म्हणायचे आणि आता आम्ही तीच गिटारवर चार कॉर्डमध्ये बसवतो, त्यात वाईट काही नाही, पण मूळ ठेका कुणाच्या तरी फोनमध्ये राहू दे. टिळकांनी १९१७ ला मिशनचा पगार सोडून साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला तो ह्याच ओढीनं ना, की ख्रिस्त इथल्या मातीतल्या माणसाला इथल्या सुरात भेटावा? मग त्या सुराची नोंद चर्चनंच नाही ठेवली तर कोण ठेवणार.

आणि हंगामाच्या सणावर एक प्रकरण पाहिजेच पाहिजे! माझ्या आजोळचा लिलाव मी विसरू शकत नाही. उपासना झाली की वेदीपुढचं सगळं अंगणात आणायचे, ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, कुणी तर शेळीचं पिल्लू. एक काका मोठ्यानं बोली लावायचे, कुणीतरी भोपळा चढ्या भावानं घ्यायचा आणि लगेच परत अर्पण म्हणून टेबलावर ठेवायचा, मग तोच भोपळा परत लिलावात, असा एक भोपळा अंगणभर फिरायचा आणि चर्चच्या छताचे पत्रे त्यातून व्हायचे. जिच्याकडं काहीच नसायचं ती म्हातारी मूठभर मिरच्या आणायची आणि त्या मिरच्यांना सगळ्यात जास्त बोली मुद्दाम लागायची, सगळ्यांना माहिती असायचं का. मिशनचा पैसा बंद झाल्यावर चर्च कशावर चाललं ह्याचं उत्तर मला तरी तिथंच दिसतं.

---

पाळक_गोदाकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस कमिटीतल्या लोकांना हा धागा फोनवर वाचून दाखवतोय.

बाईंचं म्हणणं लगेच अमलात आणलं, जातं आमच्या खजिनदारांच्याच घरी निघालं आणि तरुण संघातल्या मुली शनिवारपासून जाणार आहेत, मी मुद्दाम जाणार नाही. रजिस्टरचे फोटो सुरू केलेत, मूळ वही चर्चच्या लोखंडी पेटीतच राहील. कडेला खरंच मोडीतल्या ओळी आहेत, बहुतेक मास्तरांनी लिहिलेल्या, त्या वाचायला कागद_जुने तुम्हाला वेगळा मेसेज करतो.

भांडणाबद्दल विदर्भातले पाळकबंधू आणि लेक, तुम्ही दोघांनीही मला विचारात पाडलं. माझं मत असं झालंय की कोर्टाच्या निकालाचे कागद बंद फाईलीत ठेवायचे, त्यावर आजच्या कमिटीनं सही करायची आणि स्मरणिकेत एवढंच सरळ लिहायचं की ह्या ह्या वर्षांत मंडळी विभागली होती, दोन ठिकाणी उपासना होत होती. लपवायचं नाही, कारण त्या काळात ज्यांचे बाप्तिस्मे दुसऱ्या ठिकाणी झाले त्यांची नावं आमच्या रजिस्टरमध्ये नाहीत आणि ती माणसं आज आमच्याच बाकांवर बसतात, त्यांना पुस्तकात जागा द्यायची तर ते वर्ष सांगावंच लागेल. कुणाची चूक ते मात्र लिहायचं नाही. वेशीबाहेरून आलेल्यांची गोष्ट मात्र पूर्ण आणि नाव घेऊन लिहायची, ज्या घरांची संमती असेल त्या घरांची. कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी आधी नको म्हटलं, मग लेकीनं लिहिलेला त्या सदऱ्याचा परिच्छेद त्यांना पुन्हा वाचून दाखवला. ते म्हणाले, माझ्या आजोबांचं पण लिहून घ्या.

लेक, एक विचारायचं राहिलं. तुमच्या भावकीतल्या दोन भावांसारखं आमच्याकडंही एक घर आहे, त्यातला बौद्ध झालेला भाऊ आता नाही पण त्यांचा मुलगा आहे, आमच्याच शाळेत शिकलेला. त्यांना मी पाळक म्हणून भेटायला जावं की शाळेचा जुना विद्यार्थी म्हणून कुणी दुसऱ्यानं जावं?

---

वेशीबाहेरची_लेक

तुम्हीच जा पाळकसाहेब, पण फाईल आणि मोबाईल घेऊन नका जाऊ पहिल्यांदा. त्यांच्या वडिलांचा फोटो भिंतीवर असेल, त्याच्याबद्दल विचारा, चहा घ्या आणि या. दुसऱ्या खेपेला ते स्वतःच शाळेचा दाखला काढून ठेवतील.